घरच्या घरी ३०३: नवशिक्यांसाठी सोपी कृती

साहित्य: रोलँड टीबी-३०३ या जपानी सिंथेसायझरची सर्किट डायग्राम, एक छापील पीसीबी, मूठभर ट्रान्झिस्टर, ओंजळभर रेझिस्टर, पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न, मल्टीमीटर, आणि घरातलं असं एक टेबल, ज्यावर पुढचे काही महिने कोणी जेवायला बसणार नाही.

नक्कल कशाची करतोय हे आधी समजून घ्या, म्हणजे पुढे वाईट वाटणार नाही. १९८१ साली रोलँडने हे खोकं बाजारात आणलं ते मुख्यतः एकट्याने रियाज करणाऱ्या गिटारवाल्यांसाठी. बास वाजवणारा मित्र आला नाही तर त्याच्या जागी याने वाजवावं, असा बेत. तादाओ किकुमोतो यांनी ते घडवलं. झालं असं की त्यातून बास गिटार सोडून बाकी सगळ्याचा भास व्हायचा. सुरावट भरायची रीत तर त्याहून न्यारी: एका खेपेत नुसते स्वर भरायचे, दुसऱ्या खेपेत त्यांची लय. मनात एक आणि यंत्रात भलतंच! सुमारे दहा हजार नग काढून १९८४ मध्ये कंपनीने नाद सोडला आणि उरलेसुरले ३०३ जुन्या मालाच्या दुकानांत जाऊन पडले. शिकागोच्या फ्यूचर या चमूच्या हाती त्यातलाच एक लागला. वाजता वाजता त्यांनी त्याचे नॉब पिळले आणि १९८७ च्या ‘ॲसिड ट्रॅक्स’ने ॲसिड हाऊस या नृत्यसंगीताचा बार उडवून दिला. आपल्याकडे त्याच्या पाच वर्षं आधीच, १९८२ मध्ये, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी ३०३, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची एलपी केली होती. तेव्हा तिला कोणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा परदेशातले जाणकार तोंडात बोटं घालून ऐकत बसले.

तेव्हा एक पक्कं करा. तुम्हाला चांगला सिंथेसायझर बनवायचा नाही. फसलेला बनवायचा आहे, आणि मूळचा जसा फसला तस्साच.

याचा पहिला फटका फिल्टरमध्ये बसतो. ३०३ चा फिल्टर म्हणजे डायोडची शिडी, म्हणजे खरं तर ट्रान्झिस्टरच, फक्त डायोडसारखे जोडलेले. शिडीच्या चार पायऱ्यांना चार कपॅसिटर. त्यातले तीन ०.०३३ मायक्रोफॅरडचे आणि एकटा ०.०१८ चा. नवशिक्याला वाटतं छपाईची चूक असणार, आणि तो चारही सारखे बसवून मोकळा होतो. फिल्टर चालतो, आवाज नेटका येतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. ती किरकिर, ते रबर ताणल्यासारखं ओरडणं, त्यात या बेढब शिडीचा मोठा हात आहे. काहीही सुधारू नका. इंजिनिअर असाल तर विशेष जपा.

आता खरेदी. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. रेझिस्टर, कपॅसिटर, सॉकेट, वायर सगळं तिथे मिळेल. दुकानदार विचारेल, “काय बनवताय साहेब, इन्व्हर्टर?” हो म्हणा. सिंथेसायझर म्हणालात तर तो भाच्याचा कॅसिओ दुरुस्तीला काढेल. खरी अडचण बीए६६२ या रोहमच्या नऊ पायांच्या आयसीची. त्याचं उत्पादन कधीच थांबलं. ऑनलाइन तो मुबलक सापडतो, याचाच संशय घ्यायला हवा. आल्यावर कापसाला ॲसिटोन लावून पाठीवरून फिरवा. अक्षरं कापसावर उतरली तर आयसी कसला आहे ते देव जाणे, पण बीए६६२ नव्हे. आपल्याआधी या वाटेने गेलेल्यांनी दुर्मिळ भागांना पर्याय शोधून ठेवलेत. २००५ च्या सुमारास लिमोर फ्राइड यांनी एक्सझिरोएक्सबीझिरोएक्स (असंच लिहितात, उच्चार ज्याचा त्याने ठरवावा) हा ३०३ चा क्लोन सर्वांसाठी खुला केला. त्यांची टिपणं वाचा.

खर्चाचा हिशोब ठेवू नये. बेहरिंगरने २०१९ मध्ये आणलेला टीडी-३ हा तयार क्लोन तुमच्या नुसत्या सुट्या भागांपेक्षा स्वस्त पडायची दाट शक्यता आहे. ही माहिती घरच्यांना स्वतःहून देऊ नका.

रेझिस्टर निळ्या अंगाचे, पाच पट्ट्यांचे असतील. त्या निळ्यावर तपकिरी, लाल आणि नारिंगी पट्ट्या ट्यूबलाइटखाली एकाच रंगाच्या दिसतात. चष्मा बदलू नका, प्रत्येक रेझिस्टर मल्टीमीटरने मोजा. मग ट्रान्झिस्टरच्या जोड्या जुळवा. बेस आणि एमिटरमधला व्होल्टेज दोघांचा एक-दोन मिलिव्होल्टच्या आत जुळला पाहिजे. हा व्होल्टेज एका अंशाच्या उष्णतेने साधारण दोन मिलिव्होल्ट घसरतो. म्हणजे चिमटीत धरलात की तो तुमच्या बोटांचा ताप सांगायला लागतो. म्हणून चिमट्याने लावा, हात मागे घ्या, पंखा बंद करा आणि आकडा स्थिरावेपर्यंत श्वासही बेताने घ्या. हे काम मे महिन्यात काढू नये.

सोल्डरिंग: करा.

पॉवर देताना आयसी सॉकेटच्या बाहेरच ठेवा आणि आधी व्होल्टेज बघा. एका ठिकाणी ५.३३३ व्होल्ट हवेत. पाच नाही, साडेपाच नाही. स्वर ठरवणारा भाग सहा बिटांचा, म्हणजे चौसष्ट पायऱ्यांचा. सप्तकाला एक व्होल्ट, सप्तकात बारा स्वर, म्हणून एक पायरी एक बारांश व्होल्टची. चौसष्ट भागिले बारा करून बघा. अख्ख्या यंत्रातली ही एकच गोष्ट शाळेत शिकवल्यासारखी सरळ आहे, तेव्हा तिचा आनंद घ्या. यानंतर अर्धा तास यंत्र गरम होऊ द्या, मग सूर लावा. थंड असताना लावलेला सूर गरम झाल्यावर उतरतो किंवा चढतो, आणि दोष कानाला लागतो.

वाजलं? आता स्लाइड तपासा. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरायला ३०३ ठरावीकच वेळ घेतो, मग अंतर एका स्वराचं असो की पुऱ्या सप्तकाचं. मींड कुठे किती रेंगाळावी हे त्याच्या गावी नाही. दरवाजात उभी राहून आई म्हणेल, “हे बिघडलंय का रे?” तसं म्हणाली तर जुळणी बरोबर झाली. “छान वाटतंय” म्हणाली तर तो ०.०१८ चा कपॅसिटर पुन्हा तपासा.

पीसीबी छापणारे कमीत कमी पाच नग छापून देतात, त्यामुळे चार उरतील. ते फेकू नका. महिन्याभरात कोणीतरी पाहुणा नॉब फिरवून विचारेलच, “अवघड असतं का हो हे?” त्याला चहा द्या, एका शनिवार-रविवारचं काम आहे म्हणून सांगा आणि निघताना एक पीसीबी हातात ठेवा.