नातं काय? लॉजच्या मॅनेजरास अनावृत पत्र

मा. मॅनेजरसाहेब,
मुक्काम काउंटर, गोदाकाठ, गंगाखेड, जि. परभणी



आपल्या लॉजचं नाव मी इथे लिहीत नाही. एक तर फुकटची जाहिरात होईल. शिवाय त्या नावाच्या जागी राज्यातल्या कुठल्याही तीर्थाच्या गावचं दुसरं लॉज घातलं, तरी या पत्रातलं अक्षर बदलावं लागणार नाही. खूण म्हणून एवढंच सांगते, की आपल्या बोर्डावर ‘फॅमिली व कपल्ससाठी सुरक्षित, घरगुती वातावरण’ असं हिरव्या अक्षरांत लिहिलं आहे आणि खाली नदीचं चित्र आहे. चित्रातल्या गोदावरीत राजहंस आहेत.

त्या बोर्डावर विश्वास ठेवून आम्ही पायऱ्या चढलो. माझे केस पिकलेले, ह्यांचे गेलेले, हातात एक पिशवी आणि पाण्याची बाटली. आपण माझ्याकडे पाहिलंही नाही. ह्यांना विचारलंत, “बाई कोण?”

मी समोर उभी होते, साहेब. मला बोलता येतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, म्हणजे बोलणं हाच माझा धंदा आहे. पण आपण ह्यांनाच विचारलंत. एखाद्याच्या हातातल्या बोचक्यात काय आहे ते बोचक्याला कोण विचारतं?

हे म्हणाले, बायको. आपण दोन्ही आधार कार्डं मागितलीत, उजेडात धरलीत आणि आपल्याला हवा तो गुन्हा सापडला. माझं आडनाव माहेरचं. “आडनाव येगळं कामून?” लग्नानंतर बदललं नाही म्हणून. बदललंच पाहिजे असा कायदा या देशात नाही, हे मी सांगितलं. आपण मान हलवलीत, पण ती माझ्याकडे नव्हे, छतावरच्या पंख्याकडे. मग विचारलंत, “लग्नाचा दाखला हाय का?”

आता दाखल्याचं ऐका. विवाहनोंदणी सक्तीची करा, असं सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना बजावलं ते 14 फेब्रुवारी 2006 रोजी. तारीख व्हॅलेंटाईनची निघाली हा योगायोग. आमचं लग्न त्याच्या बरंच आधीचं. तेव्हा आमच्याकडे नोंदणीला जात होतं कोण? अक्षता पडल्या, पंगत उठली, लग्न झालं. पुरावा म्हणाल तर आहे, पण तो घरच्या फळीवर आहे. स्टीलचा डबा, तांब्या, परात, सगळ्यांवर आमची दोघांची नावं, देणाऱ्याचं नाव आणि तारीख मशीनने कोरलेली. पुढच्या वेळी परात घेऊन येते. काउंटरवर मावेल ना?

“मोबाईलमदी लग्नाचा फोटो तरी?” हेही आपण विचारलंत. आमच्या लग्नात मोबाईल नव्हता. एक कॅसेट होती, तिला बुरशी लागली.

मग आपण हुकमी पान काढलंत. “तसंबी लोकल आयडीवर रूम देत नसतोत आम्ही. परभणी चाळीस किलोमीटर. घरी जाऊन झोपायचं की.”

या एका वाक्यावर मी वेगळं पत्र लिहू शकले असते, पण याच पत्रात भागवते. घरी जाऊन झोपायचं. आमच्या घरी, साहेब, सासूबाई आहेत, त्यांचा नेब्युलायझर आहे, धाकटा दीर आहे, परीक्षांना बसलेली पोरं आहेत आणि दर तासाला बेल वाजवणारं कोणीतरी आहे. लग्न झाल्यापासून आम्ही दोघांनीच बसून गार न होता चहा प्यायल्याची संध्याकाळ मला आठवत नाही. म्हणून ठरवलं होतं, की अधिक महिना आहे, संध्याकाळी घाटावर बसावं, रात्री मुक्काम करावा, पहाटे गर्दी व्हायच्या आत स्नान उरकावं, मग धारासुरला गुप्तेश्वराचं मंदिर बघावं. माणूस घरापासून लांब आहे म्हणूनच खोली घेतो, असं आपल्याला कोणी शिकवलं? कधी कधी घर जवळ आहे म्हणूनही घेतो.

आणि महिना कोणता, ते बघा. तेहतीस महिन्यांच्या हिशेबाने येणारा धोंड्याचा महिना. या महिन्यात लेक-जावयाला पाटावर बसवून लक्ष्मी-नारायण म्हणतात, तेहतीस अनारसे ताटात देतात, जोडीने गंगास्नान करा म्हणतात. म्हणजे नदीच्या पाण्यात आम्ही लक्ष्मी-नारायण, आणि नदीपासून दोनशे पावलांवर आपल्या काउंटरला संशयित.

आमच्यामागे चार तरुण उभे होते. चौघांत मिळून एक आधार, त्याचीही झेरॉक्स. वास लांबून येत होता. त्यांना किल्ली मिळाली. एकमेकांचे कोण लागता, असं त्यांना कोणी विचारलं नाही. ‘फॅमिली व कपल्ससाठी’ लिहिलेल्या लॉजमध्ये विनाचौकशी खोली मिळण्याची पात्रता काय, तर बरोबर बाई नको. एकटी बाई तर त्याहून नको. माझी एक मैत्रीण प्रशिक्षणासाठी दुसऱ्या जिल्ह्यात गेली होती, ‘सिंगल लेडीजला देत नाही’ म्हणून तिला बसस्टँडवर बसावं लागलं. बाई एकटी असली तर कोणी बरोबर का नाही, आणि कोणी बरोबर असला तर तो कोण.

आपल्या गावच्या कमानींवर, दुकानांवर, फ्लेक्सवर सगळीकडे संत जनाबाईंचं नाव आहे. जन्मगाव आहे, असायलाच हवं. पण समजा ती आज आपल्या काउंटरला आली. नाव? जनी. आडनाव? नाही. नवरा? नाही. लहानपणीच आईबापांपासून लांब पंढरपुरात, नामदेवांच्या घरी राबायला. मोबाईलमध्ये फोटो? नाही. बरोबर कोण आहे? विठ्ठल नावाचे एक सावळे गृहस्थ. पत्ता पंढरपूर, उभं राहायला एक वीट. नातं काय? इथे ती आपल्याला काय सांगणार होती? तो माझ्याबरोबर दळण दळतो, शेण्या वेचतो, असं? कथेत तर देवाच्या गळ्यातलं पदक तिच्याकडे सापडलं म्हणून पंढरपूरकरांनी तिला सुळावर चढवायला नेलं होतं. म्हणजे आपली परंपरा जुनी आहे, साहेब. फरक इतकाच, की त्या कथेत सुळाचं पाणी झालं. आपल्याकडे ते बाथरूमच्या नळालाही येत नव्हतं.

कायद्याचं म्हणाल, तर तोही थोडा ऐका. लग्न न झालेल्या सज्ञान स्त्री-पुरुषांनी हॉटेलात एका खोलीत राहू नये असा कायदाच नाही, असं मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर 2019 मध्ये सांगितलं. कोईमतूरच्या एका निवासी जागेला अधिकाऱ्यांनी सील ठोकलं होतं, त्या प्रकरणात. दोन सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय एकत्र राहणं हा गुन्हा नाही, हे तर सर्वोच्च न्यायालय 2010 मध्येच बोललं होतं. ओळखपत्र बघा, रजिस्टर भरा, वय अठराच्या वर आहे ना ते तपासा, ते आपलं कामच आहे. त्यापुढचं विचारायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आणि 2025 च्या जानेवारीत एका बड्या हॉटेल-साखळीने मेरठपासून सुरुवात करून नात्याचा पुरावा मागायचं धोरण आणलं, ते ऐकून आपली छाती फुगली असेल तर फुगू द्या. धोरण म्हणजे कायदा नव्हे.

आता उपरोध बाजूला ठेवते, कारण जे सांगायचं आहे ते मला हसत सांगता येत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी 2019 ते 2021 या काळात झाली. त्यात आपल्या परभणी जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 48 टक्के बायकांचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेलं होतं. जवळजवळ निम्म्या. वर्गात या मुली माझ्यासमोर बसलेल्या असतात. दिवाळीची सुट्टी संपते आणि हजेरी घेताना एक नाव दोनदा पुकारूनही ‘उपस्थित’ येत नाही. तिसऱ्या दिवशी मैत्रीण सांगते, “मॅडम, तिचं जमलं.” ऊसतोडीला मुकादम उचल देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या पोराला कोण नेतो? आणि फडावर जाताना वयात आलेली पोर गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची? म्हणून चौदा-पंधराव्या वर्षी तिचे हात पिवळे होतात आणि जोडपं थेट फडावर, उसाच्या वाढ्यांच्या कोपीत. तिथे या जोडप्याला जागा मिळते. आडनाव कोणी विचारत नाही, दाखला कोणी मागत नाही.

मंडपात दाखला कोणी मागितला? भटजींनी? बँडवाल्याने? आचाऱ्याने? पत्रिका छापणाऱ्याने? गावात बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकाची असते, 1098 हा नंबर भिंतीवर रंगवलेला असतो आणि त्याच भिंतीला मंडपाचा दोर बांधतात. ज्या दारात वयाचा कागद मागायला हवा तिथे सगळा जिल्हा अक्षता टाकतो. आणि पन्नाशी उलटलेल्या बाईला, जिने आपल्या मर्जीने लग्न केलं, मर्जीने आडनाव ठेवलं, तिला तुम्ही काउंटरवर उभं करून तिच्या नवऱ्याला विचारता, बाई कोण? लाज मला का वाटावी? मला त्या रात्री लाज वाटली, याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

असो. आमचा प्रश्न कसा सुटला ते आपल्याला ठाऊक आहे, पण वाचकांना सांगायला हवं. माझ्या मावसभावाचा एक दोस्त गंगाखेडात वजन राखून आहे. त्याचा फोन आला. आपण उभे राहून बोललात. फोन ठेवलात आणि म्हणालात, “आधी सांगायचं ना मॅडम, आपलीच माणसं.” तो दोस्त आमच्या लग्नानंतर चार वर्षांनी जन्मला. पण त्याने सांगितल्याबरोबर आमचं लग्न झालेलं ठरलं.

खोलीबद्दल एकाच वाक्यात उरकते: ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणजे शेजारच्या इमारतीची सिंटेक्स टाकी, चादरीवर आधीच्या पाहुण्याचा नकाशा, रात्रभर वाळूच्या गाड्यांची घरघर, आणि बाथरूमला आतून कडी नाही. आमच्या चारित्र्याची एवढी राखण करणाऱ्या लॉजला चार इंचाची कडी बसवता येत नाही.

पाणी नव्हतं म्हणून रात्री मी बादली घेऊन खाली आले, तेव्हा तुम्ही काउंटरच्या मागे सतरंजीवर आडवे होता. उशाला रजिस्टर. मला बघून दचकून उठलात. म्हणालात, “बाई, राग धरू नका. मालक लातूरला असतो. काही झालं की मला धरत्यात.” मग स्वतःच बादली भरून वर आणून दिलीत.

त्यानंतर मला नीट भांडता येईना. कारण ते खरं आहे. एखादी पोरगी घरातून निघून आली तर तिचा बाप आणि भाऊ येणार ते तुझ्याकडे. गळ्यात पट्टे घातलेली टोळकी संस्कृती वाचवायला येणार ती तुझ्याच काउंटरला. पोलीस रजिस्टर उचलून नेणार आणि पेपरात ‘लॉजवर छापा’ म्हणून फोटो येणार तो तुझा. मालकाचं नाव खाली, तेही आलं तर. पगार किती ते मी विचारलं नाही, पण पायातली चप्पल दिसली. मालकाने बोर्डावर ‘कपल्स’ लिहून धंदा खेचायचा आणि आलेल्या कपलला घालवायचं काम तुझ्यावर टाकायचं. तू पंचवीसचा असशील. माझ्या वर्गातून गेलेली तुझ्या वयाची पोरं पुण्यात, नाहीतर सुरतेत अशाच कुठल्या काउंटरवर उभी आहेत आणि रोज कोणाकोणाच्या अब्रूची चौकशी करताहेत. भीती तुझी आहे, नियम दुसऱ्यांचा आहे आणि अपमान आमचा झाला. यातून तुला काहीच मिळालेलं नाही.

पण भीतीपोटी का असेना, प्रश्न तू विचारलास. तेवढा हिशेब तुझ्या नावावर राहील.

म्हणून सांगते. मालकाला सांग, ‘कपल्स’ हा शब्द बोर्डावर ठेवायचा असेल तर पाळावा, नाहीतर पुसावा, म्हणजे लोक परतीची शेवटची गाडी चुकवणार नाहीत. बाई समोर उभी असेल तर बाईला विचार. पिणाऱ्या चौघांकडून चारही आधार घे. कडी बसव. आणि तुझं लग्न ठरेल तेव्हा पोरगी अठराची पूर्ण आहे का, हे तू स्वतः विचार. तिच्या मामाला नको, तिलाच विचार. मग नोंदणी कर, दाखला घे, हवं तर लॅमिनेट कर. एकदा तिला घेऊन कुठल्यातरी दुसऱ्या गावी, दुसऱ्या नदीकाठी एक रात्र राहायला जा. तो दाखला मुद्दाम घरी ठेवून जा. समोरचा तुझ्याकडे बघून तिच्याबद्दल “बाई कोण?” म्हणेल, तेव्हा तिचा चेहरा बघ. त्यानंतर परत आलास की हे पत्र पुन्हा वाच आणि त्या प्रश्नाचं काय करायचं ते तूच ठरव.

कळावे, लोभ असावा.

आपली,
माहेरच्या आडनावाची एक लग्न झालेली बाई, परभणी

ता. क. : आगाऊ घेतलेल्या रकमेची पावती मिळालेली नाही. पुराव्याची एवढी आवड आहे, तर तेवढी फाडून पाठवावी.