हॅरिस पूल : दापोडीची सरहद्द

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर मुळा नदी ओलांडणारा दगडी पूल म्हणजे हॅरिस पूल. अलीकडे दापोडी, पलीकडे बोपोडी. गावांच्या नावांचे यमक आपोआप जुळले आहे. बाकी काही जुळवायचे तर दोन महापालिकांची संयुक्त बैठक लागते, कारण दापोडी पिंपरी-चिंचवडची आणि बोपोडी पुण्याची. पवना इथेच मुळेला मिळते. त्यामुळे पिंपरीचे पाणी पुण्यात बिनपरवाना शिरते आणि त्यावर तरंगणारी जलपर्णीही. ती नेमकी कोणाची, यावर निर्णय होईपर्यंत ती पुढच्या हद्दीत गेलेली असते.

पुलाला नाव आहे १८९० ते १८९५ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड हॅरिस यांचे. साहेब इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे कर्णधार होते. १८९३ मध्ये मुंबईत दंगल पेटली तेव्हा ते पुण्याला गणेशखिंडीत होते. परतले तेही सामना पाहण्यासाठी, अशी टीका त्यांच्यावर झाली. मुंबईच्या शालेय क्रिकेटची हॅरिस ढालही त्यांच्याच नावाची. तीत १९८८ साली तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. पुलावरची संध्याकाळची धावगती मात्र जुन्या कसोटीच्या वळणाची आहे.

नदीची सरहद्द पुलाहून जुनी आहे. दापोडीला कॅप्टन फोर्डची पलटण होती. खर्च पेशव्यांचा, अधिकारी इंग्रज. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई सुरू होताच ही पलटण नदी ओलांडून इंग्रजांना मिळाली. पूल नसतानाही तिला उशीर झाला नाही, ही गोष्ट आजच्या प्रवाशाला पटत नाही. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले.

पुढची सरहद्द कागदी. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली आणि हद्दीवरच्या जकात नाक्यांना दोन राष्ट्रांच्या सीमेची कळा आली. चाकणहून माल घेऊन निघालेला ड्रायव्हर बिल्टी हातात धरून खिडकीशी उभा राही, आतला कारकून ती उलटीसुलटी करून पाही आणि मागचे ट्रक हॉर्न वाजवून साक्ष देत. याच जकातीच्या बळावर पिंपरी-चिंचवडने ‘आशियातील सर्वांत श्रीमंत महापालिका’ हे बिरूद मिरवले. आशियातल्या इतर महापालिकांनी हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही. १ एप्रिल २०१३ पासून दोन्ही शहरांत जकात गेली आणि तिच्या जागी स्थानिक संस्था कर (एलबीटी) आला.

जकात गेली तरी हद्द पुसली नाही. पुण्याच्या गाड्या एमएच १२, पिंपरीच्या एमएच १४. पीएमटी आणि पीसीएमटी या दोन शहरांच्या बससेवा २००७ मध्ये एक झाल्या, पण २०१८ च्या स्वातंत्र्यदिनी पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय वेगळे झाले. त्याच महिन्यात निगडीहून आलेली बीआरटी बससेवा दापोडीला येऊन थबकली. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेली मेट्रोही फुगेवाडीपर्यंतच, म्हणजे नदीच्या अलीकडेच थांबत असे. तिकडे पुण्यात वनाज ते गरवारे अशी दुसरी मेट्रो त्याच दिवशी धावू लागली. दोघींची गाठ १ ऑगस्ट २०२३ रोजी पडली.

जुन्या पुलाला समांतर नवे पूलही झाले आहेत. गर्दीने त्यांचाही मनापासून स्वीकार केला. पहिल्या शिफ्टच्या कंपनी बस पहाटे पुण्याहून भोसरी-चाकणकडे निघतात आणि संध्याकाळी तोच लोंढा उलटा फिरतो. अशा वेळी घरून फोन येतो, “कुठवर आलात?” उत्तर ठरलेले : “हॅरिस ब्रिजवर.” यापुढे चौकशी होत नाही, भाजी गॅसवरून उतरवली जाते.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी आकुर्डीहून याच वाटेने पुण्यात येते. त्या दिवशी वाहने वळवलेली असतात आणि पुलावरून माणसे चालतात. वारकऱ्यांना कोणी पालिका विचारत नाही. इतर दिवशी दापोडीला मेट्रोत बसून बोपोडीला उतरावे. मेट्रो शेजारूनच नदी ओलांडते, त्यामुळे पूल पाहता येतो आणि ओलांडावा लागत नाही. रोज ये-जा करणाऱ्यांच्या मते हे स्थळ पाहण्याची सर्वांत चांगली पद्धत हीच.