चार गुरुवारांचं कॅलेंडर

चाकणला जर्मन गाड्यांचे कारखाने आले, आता वाकड-रावेतच्या एखाद्या फ्लॅटमध्ये अ‍ॅडव्हेंट कॅलेंडरही लटकताना दिसतं. १ ते २४ डिसेंबर, रोज एक खिडकी उघडायची, आतलं चॉकलेट खायचं. म्युनिकच्या गेरहार्ड लांगने शंभरेक वर्षांपूर्वी ते छापलं, तेव्हा त्यात नुसती चित्रं असायची. म्हणजे दात किडण्याची सोय नंतरची. आणि आता आईबाप चॉकलेटला पर्याय शोधताहेत, तोही ऑनलाइन!

अहो, तिकडचे लोक नाताळाआधीचे चार रविवार मोजतात, आपण महालक्ष्मीच्या व्रताचे मार्गशीर्षातले चार गुरुवार (कधी पाच). त्यात विजेचा भार वाटून घ्यायला इथल्या एमआयडीसीची साप्ताहिक सुटी गुरुवारीच. महालक्ष्मीने वीजमंडळाला विचारूनच वार निवडला असावा. कलशावर नारळ, पाच पालव्या, आई पोथी वाचतेय आणि पोराचा डोळा केळ्यावर. वाट बघायला शिकवणारं याहून स्वस्त काय मिळणार?

एक अडचण मात्र आहे. उद्यापनाला प्रत्येक सवाष्णीला फळ आणि पोथी. फळं संपतात, पोथ्या साठतात. आमच्या कपाटात आहे तेवढा स्टॉक चाकणच्या कुठल्याही स्टोअर मॅनेजरची नोकरी घालवेल.