कूर्मनिवास बांधणीची नियमावली

भारतात राहणाऱ्या वाचकांनी ही नियमावली इथेच मिटावी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार स्टार कासव घरात ठेवणं हा गुन्हा आहे, मग ते कुणी कितीही मायेनं, शुभ म्हणून, काकडी भरवत ठेवलेलं असो. आपल्याकडच्या दिवाणखान्यात पितळी कासव ठेवावं. त्याला पाण्यानं भरलेली एक ताटली पुरते आणि तोंड उत्तरेला केलं की त्याची काही तक्रार उरत नाही.

पुढचं सगळं हॅरो, हाऊन्सलो, स्लाव अशा ठिकाणी नुकतंच स्वतःचं घर घेतलेल्या मराठी कुटुंबांसाठी आहे. ब्रिटनमध्ये हरमन जातीचं भूमध्यसागरी कासव रीतसर पाळता येतं. विकणाऱ्याकडे ‘आर्टिकल टेन’ प्रमाणपत्र आहे ना, एवढं बघून घ्यावं. मुलं कुत्रा मागतात, आई म्हणते “केस गळतात”, बाबा म्हणतात “फिरवणार कोण?”, आणि मग तडजोड म्हणून कासव येतं. ते बिचारं एका कोपऱ्यात पडून राहील, त्याला काही लागत नाही, असा ठराव त्या दिवशी एकमतानं मंजूर होतो. सदर नियमावली म्हणजे त्या ठरावाला सुचवलेली दुरुस्ती.

कलम १ : व्याख्या

या नियमावलीत ‘मालक’ म्हणजे कासव. ‘व्यवस्थापक’ म्हणजे ज्याच्या पगारातून घराचा हप्ता जातो तो. या दोन व्याख्यांबाबत संभ्रम असल्यास कलम ३ दोनदा वाचावं.

कलम २ : जागा

मालकाची लांबी पूर्ण वाढ झाल्यावर साधारण वीतभर. पिल्लाला ४ फूट बाय २ फूट जागा चालते. वाढलेल्याला ८ बाय ४ द्यावी. म्हणजे ३२ चौरस फूट, निव्वळ चटई क्षेत्र. गिरगावच्या चाळीत एवढ्यात चूल, मोरी आणि आल्यागेल्याची पथारी मावत असे, हा मुद्दा आजोबा मांडतील. त्यांना तो मांडू द्यावा आणि इतिवृत्तात नोंदवून पुढच्या विषयाकडे वळावं.

काचेची टाकी घेऊ नये. काच ही काय वस्तू आहे हे मालकाला कळत नाही. पलीकडचं दिसतं म्हणजे पलीकडे जाता येतं, या समजुतीनं तो दिवसभर एकाच ठिकाणी डोकं लावून चालत राहतो. शिवाय टाकीत हवा खेळत नाही. त्यापेक्षा एखादं जुनं लाकडी कपाट उताणं पाडावं, दारं काढावीत, आतून तळ्याला घालतात तसलं जाड प्लॅस्टिक अंथरावं. वर छप्पर नको. भिंती निदान फूटभर उंच हव्यात, आणि कोपऱ्यांवर आतल्या बाजूला आडवी फळी ठोकावी. मालक संथ आहे म्हणून गाफील राहू नये. कोपऱ्यात पाय रोवून तो चांगला चढतो. कपाट ज्यांच्या लग्नातलं असेल त्यांची परवानगी आधी घ्यावी. नंतर मिळत नाही.

कलम ३ : हवामान

कपाटाच्या एका टोकाला दिवा टांगून त्याखाली ३२ ते ३५ अंश तापमान ठेवावं. दुसरं टोक २० अंशांच्या आसपास असावं. मालकाचं शरीर स्वतःची ऊब तयार करत नाही. तो उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात चालत जाऊन अंगातलं तापमान जुळवतो. सगळं कपाट सारखंच तापवलं तर त्याची ही सोय जाते. दिवा थर्मोस्टॅटवर लावावा आणि त्याच्या खाली उंच दगड ठेवू नये. चढताना मालक उलटला आणि दिव्याखाली उताणाच राहिला, तर तो दगावू शकतो. हे वाक्य गंमतीत घेऊ नये.

याच काळात उरलेलं घर १८ अंशांवर असेल. कुणी थंडी वाजते म्हटल्यास व्यवस्थापकानं “स्वेटर घाल” एवढंच उत्तर द्यावं आणि गॅसचं बिल दाखवावं. विजेचं दाखवू नये.

“खिडकीतून छान ऊन येतं की” हा युक्तिवाद ग्राह्य धरला जाणार नाही. ड जीवनसत्त्व तयार करणारे यूव्हीबी किरण खिडकीची काच अडवते. ते मिळाले नाहीत तर अन्नातलं कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं ठिसूळ होतात, कवच मऊ पडतं. म्हणून यूव्हीबीची वेगळी नळी लावावी, दिवसाला सुमारे १२ तास. ही नळी सहा ते बारा महिन्यांत बदलावी लागते, आणि बदलताना ती लख्ख पेटलेली असते, कारण किरण संपले तरी उजेड संपत नाही. चालू नळी काढून टाकणं मराठी माणसाला जड जातं. ती माळ्यावर ठेवायला हरकत नाही.

हिवाळ्यात सर्वांनी रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा, असा ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला आहे. तेव्हा वाटणी अशी: व्यवस्थापकाला गोळी, मालकाला सूर्य.

कलम ४ : जमीन आणि भोजन

टाइल, लॅमिनेट, ‘पुसायला सोपं पडतं’ असं काहीही अंथरू नये. साधी माती आणि वाळू मिसळून चांगला वीतभर थर द्यावा, म्हणजे मालकाला स्वतःला पुरून घेता येईल. माती खालून किंचित ओलसर हवी. उथळ थाळीत रोज ताजं पाणी ठेवावं. मालक त्यात बसेल, तेच पिईल आणि त्यातच बाकीचंही उरकेल. हाताळल्यावर सर्वांनी साबणानं हात धुवावेत. कासवं साल्मोनेला बाळगून असतात.

पोळीचा तुकडा, दूधभात, केळं आणि कुठलाही नैवेद्य वर्ज्य. मालकाला तण लागतं: डँडेलायन, क्लोव्हर, रानपाला. ते सपाट पाटीच्या दगडावर वाढावं, म्हणजे खाताना चोच झिजते. कॅल्शियमसाठी समुद्रफेन ठेवावं. शेजारी शनिवारभर गुडघ्यांवर बसून हिरवळीतलं डँडेलायन उपटत असतो. त्याच्याकडे ते मागायला जाताना आधी औषध फवारलंय का, हे विचारावं. आपल्या अंगणात तुम्ही तेच मुद्दाम पेरता, हे सांगू नये.

कलम ५ : शीतनिद्रा

हिवाळ्यात निरोगी, प्रौढ हरमन कासव झोपतं. ब्रिटिश हिवाळा मधेच उबदार होतो, त्यामुळे अनुभवी मंडळी त्याला हवेच्या छिद्रांच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवतात, ५ अंशांवर. आधी पशुवैद्याकडून तपासून घ्यावं, काही आठवडे उपास घडवून पोट रिकामं करावं आणि अधूनमधून वजन करत राहावं. पिल्लाला किंवा आजारी कासवाला झोपवू नये.

हवा खेळावी म्हणून फ्रिजचं दार रोज उघडावं लागतं. सहा महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून आलेल्या सासूबाई याच दारावरून आयुष्यभर सर्वांना रागावत आल्या आहेत, हे लक्षात घेऊन मालकासाठी वेगळा फ्रिज घ्यावा. तरीही त्यांना कल्पना देऊन ठेवावी. श्रीखंड शोधताना कुणी काय उघडेल, सांगता येत नाही.

कलम ६ : वारसा

नीट सांभाळलेलं हरमन कासव पन्नास वर्षं सहज जगतं. निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांना १७८० साली आत्याच्या पश्चात टिमथी नावाचं कासव मिळालं. व्हाइट १७९३ मध्ये वारले, टिमथी १७९४ मध्ये. तो मुळात ‘ती’ होती, हेही नंतर उघड झालं. तिचं कवच आज लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. तात्पर्य, व्यवस्थापक बदलतात.

म्हणून कपाट बांधून झाल्यावर लगेच मृत्युपत्र करावं. घर मला हवं म्हणणाऱ्या भावंडांसाठी न्यायालयं आहेत. “कासव तूच ने” म्हणणाऱ्यांसाठी अजून निघालेली नाहीत. तेव्हा ज्याला घर त्यालाच कासव, अशी स्पष्ट अट घालावी आणि त्याखाली माळ्यावरच्या सर्व नळ्यांची यादी जोडावी.