भाभीजी, सामने देखिए!

(मोकळा रंगमंच. मधोमध घोड्यावर लावलेली लेडीज सायकल: लाल सांगाडा, हिरवे मडगार्ड. बाई येते. पन्नाशी ओलांडलेली. साडी, वर स्वेटर, पायात मुलीचे बूट. सायकलीला वळसा घालून पुढे येते.)

आधीच सांगून ठेवते, मी निवडणुकीला उभी नाही.

(सायकलीकडे बोट) हे लाल, हे हिरवं. दुकानदार म्हणाला, "भाभीजी, बस यही रंग बचा है." आमच्या ह्यांनी तेवढ्यावर भाव पाडला आणि लखनौच्या चौकातनं, गोल दरवाज्यापासनं घरापर्यंत, हातानं ढकलत आणली. दिवेलागणीला शेजारची आपा मिठाई घेऊन दारात. "मुबारक हो भाभी, टिकट मिल गया. बस हमारी नाली का कुछ करवा दीजिएगा."

कसलं तिकीट? तर समाजवादी पार्टीचं. झेंडा लाल-हिरवा, चिन्ह सायकल!

इथं सायकल घ्यायची म्हणजे भूमिका घ्यावी लागते हो. २०१७ च्या जानेवारीत मुलायमसिंह आणि अखिलेश, बाप-लेक, दोघं निवडणूक आयोगापुढं. हे म्हणतात सायकल माझी, ते म्हणतात माझी. आयोगानं कागदं बघितली आणि १६ तारखेला निकाल दिला, सायकल लेकाची. आमच्या माहेरी सायकल एक आणि भावंडं चार. रोज खटला. पण आयोग नव्हता. आईचं पायताण होतं. निकाल त्याच दिवशी.

आणि त्याच्या आधी, २०१२ ची निवडणूक! मायावतींनी बागांमधनं दगडाचे हत्ती उभे केलेले, आणि हत्ती हे त्यांचं चिन्ह. आयोग म्हणाला, झाका. लखनौत, नोएडात, सगळे हत्ती झाकले. आता झाकला म्हणून हत्ती काय मांजर दिसतोय होय? पण माझ्या पोटात गोळा. म्हटलं, पुढच्या निवडणुकीला मलापण कापड गुंडाळून कोपऱ्यात उभी करतील. सायकलीसकट.

(सायकलीच्या सीटवर हात ठेवून) आम्ही मूळचे विट्याकडचे. सांगली जिल्हा, खानापूर तालुका. पाऊस येतो म्हणतो आणि येत नाही, असा आमचा भाग. म्हणून माणसं बाहेर पडली, ती गलाईच्या धंद्यात शिरली. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं. भारतातल्या कुठल्याही सराफ्यात जावा, मागच्या गल्लीत भट्टीपुढं एक माणूस बसलेला असणार, आणि तुम्ही मराठीत शिंकलात तरी विचारणार, "कुठलं गाव?" सोनाराच्या दुकानातली धूळ झाडून नेऊन त्यातनं सोनं काढणारी माणसं आम्ही. मी लग्न होऊन इथं आले ती भट्टीची धग, तेजाबाचा वास आणि "भाभीजी" ही पदवी, तिन्ही एकदमच मिळालं.

तर सायकल कशापायी? गुडघ्यापायी. डॉक्टर म्हणाले, सायकलिंग करा. हे म्हणाले, "घरातली आणू. जागेवरच फिरणारी." म्हटलं, पैसे देऊन जागच्या जागी पाय मारायचे? ते तर मी लग्नापासनं फुकट करतीय!

म्हटलं, पळणारी आणा.

ह्यांनी पहिल्यांदा अ‍ॅटलसची आठवण काढली. ह्यांच्या वडलांची अ‍ॅटलस होती. अहो, तो साहिबाबादचा कारखाना, ह्याच उत्तर प्रदेशातला, २०२० सालीच बंद झाला. तारीख कुठली? ३ जून. जागतिक सायकल दिन! कामगार कामावर आले आणि गेटवर नोटीस. असला मुहूर्त काढायला पंचांग नाही लागत, काळीज लागतं दगडाचं.

(थांबते. पुन्हा हसते.)

आता मला सायकल येत नव्हती असं नाही. शाळेत असताना तासाच्या भाड्यानं घ्यायची. जेन्ट्स सायकल, माझ्यापेक्षा उंच. दांडीवरनं पाय जायचा नाही म्हणून मधनं पाय घालून, कंबर एकीकडं, तोंड एकीकडं... (करून दाखवते, कमरेत कळ येते) आई गं! इथं त्याला कैंची म्हणतात. आधी कैंची, मग डंडा, मग गद्दी, असं तीन इयत्तांचं शिक्षण. मी विट्यात गद्दीपर्यंत पास झालेली बाई. हायस्कूलला सायकलनं जायची, परकर चेनमध्ये देऊन यायची.

सगळे म्हणतात, एकदा आलेली सायकल कधी विसरत नाही. लहान मेंदूत साठवून ठेवलेली असते म्हणे. असेल की! पण मेंदूनं साठवली ती दहावीतल्या वजनाची. आता टांग टाकली तर लहान मेंदूनं मोठ्या मेंदूला विचारलं, "ही कोण?"

आणि पडणं. दहावीत पडले की गुडघा फुटायचा, थुंकी लावली की झालं. आता पडले की चार दुकानांतनं माणसं धावत येतात. आणि लखनौची माणसं! हसत नाहीत हो. हसले असते तर मी पण शिव्या दिल्या असत्या. ही माणसं हात छातीला लावून विचारतात, "आपको ज़हमत तो नहीं हुई?" मी गटाराच्या कडेला आडवी, चाक माझ्या पोटावर फिरतंय, आणि मला विचारतात जहमत झाली का! मी पण झोपल्या झोपल्या म्हटलं, "जी नहीं, शुक्रिया." आमचे हे तोवर पोचले. माझ्याकडं बघितलं, साडीला लागलेल्या धुळीकडं बघितलं, आणि सवयीनं ती धूळ बोटावर घेऊन उजेडात धरली.

(बोट उजेडात धरून, डोळा बारीक करून) "काही नाही यात."

मी म्हटलं, यात मी आहे!

त्या दिवशी ठरवलं. सायकल शिकायची ती अंधारात. पहाटे. हुसेनाबादला, रूमी दरवाजा ते घंटाघर. २२१ फूट उंच घंटाघर, १८८१ चं, चारी बाजूंना घड्याळं. मनात म्हटलं, घड्याळं बघतील, पण ती कुणाला सांगायला जात नाहीत.

आणि त्या रस्त्यावर आमच्या मोठ्या इमामबाड्याची गोष्ट मला रोज आठवायची. १७८४ सालचा दुष्काळ. नवाब आसफुद्दौलानं लोकांच्या हाताला काम हवं म्हणून इमामबाडा बांधायला काढला. गाइड सांगतात, दिवसा मजुरांनी जे बांधायचं, ते रात्री खानदानी लोकांनी येऊन पाडायचं. म्हणजे त्यांनापण मजुरी मिळावी, पण मजुरी करताना तोंड दिसू नये. पोटात भूक, आणि वर अंधाराचा बुरखा.

खरं-खोटं नवाबाला माहीत. पण मला हसू यायचं आणि रागपण यायचा. १९७२ च्या दुष्काळात माझ्या आईनं खडी फोडली. भर दुपारी. मुकादमापुढं, अख्ख्या गावापुढं, डोक्यावर पदर आणि हातात हातोडी. तिला कुणी विचारलं नाही जहमत झाली का. आणि तिची लेक मी, पोटभर जेवलेली, सायकल शिकायला काळोख हुडकतीय! म्हटलं, लखनौचं पाणी अंगात चांगलंच भिनलंय.

(सायकल घोड्यावरून काढते.)

तर पहाट. थंडी. धुकं असलं की मला माझंच हँडल दिसेना. मागं हे, कॅरियर धरून. "मी धरलंय, तू मार पायडल!" अहो, हेच चुकतं! मागनं धरणारा माणूस आपला तोल आपल्याला कळूच देत नाही. मी डावीकडं कलले की हे उजवीकडं ओढणार, मी उजवीकडं की हे डावीकडं. तीस वर्षांचा संसार कॅरियरवर.

पुण्यात मुलगी असते. तिला व्हिडिओ कॉल लावला. म्हणाली, "आई, बाबांना बाजूला कर आणि पायडलं काढून टाक." म्हटलं, पायडलं काढली तर सायकलीत राहिलं काय? म्हणाली, "तोल. सीट एवढी खाली घे की दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, आणि ढकलत चाल. १८१७ मध्ये जर्मनीत पहिली दुचाकी आली ती अशीच होती, बिनपायडलाची. पायडल मागनं आलं."

झालं, हे पाना घेऊन बसले. उजवं पायडल एका झटक्यात निघालं. डावं काही निघेना. जोर लावला, तेल घातलं, देवाचं नाव घेतलं. हा माणूस १०६४ अंशांवर सोनं वितळवतो! मूस हातात धरतो! आणि पायडलापुढं घामाघूम. मुलगी तिकडनं ओरडते, "बाबा, डावं उलटं फिरतं! डाव्याचे आटे उलटे असतात, चालवताना आपोआप सुटू नये म्हणून!" ह्यांनी इतका वेळ ते आणखी घट्ट केलं होतं. अशा वेळी बायकोनं काही बोलू नये. मी फक्त घंटी वाजवली.

(घंटी वाजवते.)

मग मी बिनपायडलाची, ठोकळ्यांच्या रस्त्यावरनं, दोन्ही पायांनी जमीन मागं ढकलत... (करून दाखवते) ...खट खट खट खट. दातांची कवळी असती तर रूमी दरवाज्यात सापडली असती. तिथं एक टांगेवाले चाचा, पहाटेच घोड्याला चारा घालायचे. ते बघायचे, काही बोलायचे नाहीत. घोडा मात्र तोंडातलं गवत थांबवून बघायचा. मला माणसाची नाही, त्या घोड्याची लाज वाटायची. त्याला वाटत असणार, एवढं स्वतःच पळायचं तर गाडी कशाला?

शेवटी चाचांना राहवलं नाही. "भाभीजी, गुस्ताख़ी माफ़. आप पहिये को देख रही हैं. पहिया कहीं नहीं भागेगा. सामने देखिए. और जिधर गिरने लगें, हैंडल उधर ही मोड़िए."

जिकडं पडतोय तिकडंच? माझं सगळं आयुष्य उलट्या शिकवणीत गेलं! जिकडं पडतेस तिकडनं लांब हो, हीच सगळ्यांची सांगणी. पण खरं तेच आहे हो. डावीकडं कलली की हँडल डावीकडं, चाकं तुमच्या खाली येतात आणि सायकल सावरते. उलट वळवलं की तुम्ही एकीकडं, सायकल एकीकडं, आणि मग "ज़हमत तो नहीं हुई".

मुलगी रोज फोनवर धीर द्यायची. "आई, टॉलस्टॉय सदुसष्टाव्या वर्षी शिकला." म्हटलं, त्याला भाकऱ्या करायच्या नव्हत्या. म्हणाली, "बरं, मग अमेरिकेतली फ्रान्सिस विलर्ड. त्रेपन्नाव्या वर्षी शिकली, १८९५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, सायकलीचं नाव ठेवलं ग्लॅडिस. दारूबंदीच्या चळवळीची पुढारी होती." ही बाई मला एकदम आवडली. आपल्याकडं बायकांनी मतदान करून गावोगावी बाटली आडवी केली. हिनं बाटली आडवी केली आणि सायकल उभी केली!

आणि एका पहाटे पाय उचलले, तर सायकल चालूच. टेकलेच नाहीत पाय! घंटाघरापर्यंत! मी ओरडले ते थेट विट्याच्या भाषेत, ते इथं सांगत नाही. घोड्यानं मान हलवली. चाचा म्हणाले, "माशाअल्लाह."

हे लगेच पायडलं लावायला बसले. डावं उलटं, हे ह्यावेळी त्यांनी मलाच शिकवलं. आणि म्हणाले, आता सीट वर घेऊ, गुडघा नीट सरळ व्हायला पाहिजे. घेतली.

(सायकलीवर चढते. रंगमंचावर गोल फिरू लागते. आवाज चढत जातो.)

निघाले! रूमी दरवाज्याखालनं! धुकं विरलं, ऊन आलं, आणि मी कुठं वळले मला कळलं नाही, समोर गोल दरवाजा! मख्खन-मलईवाला पांढऱ्या फेसाचं पातेलं मांडून बसलेला, तो पातेल्यासकट उठला! ई-रिक्षा इकडनं, ई-रिक्षा तिकडनं! "भाभीजी, परचा भरने जा रही हैं?" "जी नहीं!" आपा गॅलरीतनं ओरडते, "नाली! नाली मत भूलिएगा!" सगळा सराफा शटर वर करतोय आणि बघतोय! बघा! बघा की! अहो, कुणापासनं लपत होते मी? सगळ्यांना नावानिशी हाक मारली, आदाब, राम राम, नमस्कार, एक हात सोडून!

(एक हात सोडते, डगमगते, पुन्हा दोन्ही हात हँडलवर.)

नाही, एक हात नाही सोडला! आणि दुकानाच्या दारात हे, हातात सांडशी! "अगं थांब! घर मागं राहिलं!" मी म्हटलं, "थांबता येत नाही!" "का?" "पाय टेकत नाहीत! सीट कुणी वर केली?" हे सांडशी घेऊन मागं पळतायत! "ब्रेक दाब!" "दाबला की पडते!" "मग कुठं निघालीस?" "मला काय विचारता, सायकलीला विचारा!"

(आणखी एक फेरी. प्रेक्षकांना)

हसताय काय! चालवायची शिकले, उतरायचं कुणी शिकवलंच नाही! तुमच्यात कुणाला येतंय का? खरं सांगा! अहो, लाइटवाले! दादा! पडदा पाडा! ऐकू येतंय का? पडदा पाडा, त्याशिवाय मी काही थांबायची नाही!

(फेऱ्या चालूच. घंटी जोरात. पडदा अर्धा येऊन अडकतो. ती त्याच्याखालून डोकं वाकवून पुढे निघून जाते.)

अहो, तो डावीकडनं उलटा फिरवा!