अगदी सोप्पं!

कडेगावच्या बाजारपेठेत खताच्या दुकानात संगणकावर, टॅलीत हिशेब लिहिणाऱ्या पोराची बोटं बघा. एफ-८ विक्री, एफ-९ खरेदी, एफ-५ पैसे गेले, एफ-६ पैसे आले. कंट्रोल-ए, झाली नोंद! नजर गिऱ्हाइकावर, तोंडात उसाच्या दराची चर्चा आणि बोटांनी टॅली चालूच.

पण हे म्हणे अवघड! म्हणून आता ‘अगदी सोप्पं’ ॲप आलंय. उघडलं की आधी स्वागत, मग परवानग्या, मग ‘पाच तारे द्या’. कोपऱ्यात तीन रेघा, रेघांत दातेरी चाक, चाकाच्या आत तीन ठिपके, आणि ठिपक्यांत कुठंतरी विक्री. वाट पाठ होईतो अपडेट येतं आणि ठिपके डावीकडून उजवीकडं मुक्काम हलवतात. तोवर युरियाची पोती खांद्यावर घेतलेला हमाल दारात ताटकळतो.

१९८४ च्या मॅकिंटॉश संगणकानं माऊस हाती देऊन नवख्यांची भीती घालवली, हे उपकारच. पण नवखेपण असतं चार दिवसांचं, हिशेब जन्माचा. ॲप विकणाऱ्याचं मात्र त्या चार दिवसांतच भागतं. पाचव्या दिवशी बिल फाटलेलं असतं.