टक्केवारीचे नाना

डोंबिवलीहून सुटणाऱ्या प्रत्येक लोकलमध्ये एक नाना असतातच. चौथ्या सीटवर अर्धे टेकलेले, हातात फोन, खिशात पॉवर बँक आणि चेहऱ्यावर सुतक. समजून जायचं, काल रात्री फोनचं सॉफ्टवेअर अपडेट झालंय.

"घाटकोपरलाच ८२ टक्के! मागच्या आठवड्यात दादर आलं तरी नव्वदच्या खाली नव्हता," नाना समोरच्याला ऐकवतात. समोरचा पेंगत असतो, पण नानांचं त्यावाचून अडत नाही.

नवा फोन खपावा म्हणून कंपन्या जुन्याची बॅटरी मारतात, यावर नाना ठाम आहेत. शंका काढलीत तर पुरावा तयार. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने जुन्या आयफोनचा वेग कमी केल्याचं कबूल केलं, माफी मागितली आणि ७९ डॉलरची बॅटरी २९ डॉलरला बदलून दिली. हे सगळं खरं आहे. थकलेल्या बॅटरीवर फोन अचानक बंद पडू नये म्हणून तसं केलं, असं ॲपलचं म्हणणं होतं; पण तो भाग निघाला की नानांचं स्टेशन येतं. शिवाय नानांचा फोन ॲपलचा नाहीच.

अपडेटनंतर एखाददोन दिवस फोन आतल्या आत राबत असतो. फोटोंची यादी नव्याने लावतो, ॲप्स जुळवून घेतो. तेवढे दिवस बॅटरी लवकर उतरते, मग बहुधा सगळं ताळ्यावर येतं. तेवढा धीर नानांना कुठला! ते ब्राइटनेस इतका उतरवतात की वहिनींचा फोन आला तरी नाव दिसत नाही. दर स्टेशनला सगळी ॲप्स बोटाने भिरकावतात. ती पहिल्यापासून उघडताना उलट जास्त बॅटरी जाते, असं म्हटलं की विचारतात, "तुम्हाला कंपनीने पाठवलंय का?"

परवा त्यांना सेटिंग्जमधली बॅटरी खाणाऱ्यांची यादी उघडून दाखवली. सगळ्यात वर स्क्रीन, त्याखाली नानांनी खास डाउनलोड केलेलं, जाहिरातींनी भरलेलं बॅटरी वाचवायचं ॲप. नानांनी यादी चष्मा वर करून वाचली आणि म्हणाले, "बघा! अपडेटमध्ये यादीसुद्धा फिरवली."

तुम्ही अपडेट जरूर घ्या, सुरक्षेतल्या फटी त्यानेच बुजतात. दोन दिवस थांबा. तरीही फरक पडला नाही आणि फोन जुना असेल, तर बॅटरी बदलून घ्या. नानांना बदलून देणारं सर्व्हिस सेंटर मात्र अजून निघालेलं नाही.